बोटीचा वेटसूट नको, माणसाचा घ्या : पाण्यात ऊब कशी टिकते आणि सूट कसा निवडायचा



बोटमालक, तांडेल, खलाशी, शिनाणे आणि कालवं काढणारी माणसं, सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. जरा लांब झाली आहे, पण वेटसूटवर पैसे घालण्याआधी एकदा पूर्ण वाचा. मी नीट माहिती न घेता पैसे घातले, आणि ते माझे नव्हते, सोसायटीचे होते.

झालं असं. मागच्या सप्टेंबरात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरच्या पंख्यात जाळं गुंडाळलं. बोट बाहेर होती. एक खलाशी सुरी घेऊन खाली उतरला. डुबकी मार, थोडं काप, वर ये, परत खाली जा, असं दीड तास चाललं. शेवटी वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. शेवटच्या दोन खेपांना सुरी हातातून सुटली म्हणाला, बोटं वळतच नव्हती. पोरगा वाचला, जाळंही सुटलं. पण मालकाने दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन मला सांगितलं, "सेक्रेटरी, यावर काहीतरी करूया."

मी लगेच केलं. पाच वेटसूट मागवले. जाड म्हणजे उबदार असं समजून सगळे ५ मिलिमीटरचे घेतले. कोणालाही होतील म्हणून सगळे एल साइजचे घेतले. पहिला सूट त्याच खलाशाला दिला. पोरगा किरकोळ अंगाचा. गळ्यातून मूठ आत जाईल एवढी फट. पाण्यात उतरल्यावर पाठीकडून सूट पखालीसारखा फुगला. पाच मिनिटांत वर येऊन म्हणाला, "शेठ, इससे तो बिना सूट के ठीक था."

ते पाच सूट आजही सोसायटीच्या स्टोअरमध्ये आहेत. चूक माझी. ती तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

आपलं पाणी थंड आहे का?

पहिला प्रश्न हाच येतो. "गोव्याच्या पाण्यात कसली थंडी? वेटसूट विलायतेत लागतो." अर्धं खरं आहे. वरचं पाणी आपल्याकडे वर्षभर साधारण २७ ते ३० अंश असतं. पण आपलं अंग आतून ३७ अंश असतं. आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज उष्णता वाहून नेतं. २७ अंशांच्या हवेत आपण बनियनवर बसतो, घाम पुसतो. त्याच २७ अंशांच्या पाण्यात दोन तास राहिलं की अंग कापायला लागतं. पाणी बर्फासारखं लागत नाही, म्हणून कळत नाही. ऊब हळूहळू जाते.

दुसरी गोष्ट तळाची. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्या किनाऱ्यावर खोल समुद्रातलं थंड पाणी तळातून वर सरकतं. वरचा थर उबदार, खाली थंड. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजमाप केलं आहे. त्या दिवसांत तळाचं तापमान २२ अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे १ ऑगस्टला बंदी उठते, बोटी बाहेर पडतात, आणि नेमकी तेव्हाच खालच्या पाण्यात थंडी असते. नांगर किंवा जाळं सोडवायला जो खोल जातो त्याला हा फरक अंगावर कळतो, एका हाताच्या अंतरात पाणी बदलतं.

"आमच्या बापजाद्यांनी कुठे सूट घातले?"

मीटिंगमध्ये हे बोलणं झालंच. बोलणाऱ्या काकांचा मी मान ठेवतो, त्यांनी कमरेच्या पंचावर आयुष्यभर डुबक्या मारल्या आहेत. पण सवयीचं खरं काय ते एका दुसऱ्या देशातल्या दर्यावर्दी बायकांकडून कळतं.

दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका, त्यांना हेन्यो म्हणतात, नुसता श्वास रोखून समुद्रात बुडतात आणि शंख, शिंपले, समुद्री गवत काढतात. साठ-सत्तरीच्या आज्याही जातात. २०१६ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. तर या बायका १९७० च्या दशकापर्यंत साध्या सुती कपड्यात डुबायच्या. हिवाळ्यात तिथलं पाणी आपल्यापेक्षा बरंच थंड असतं.

१९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. त्यांच्या शरीराला खरंच सवय झालेली होती. हिवाळ्यात त्यांचं शरीर स्वस्थ बसूनही नेहमीपेक्षा जास्त ऊब तयार करायचं. पण इतकी सवय असूनही शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या आसपास आलं की त्यांना बाहेर यावंच लागायचं. हिवाळ्यात कामाचा वेळ अगदी थोडा मिळायचा. पुढे वेटसूट आले, आणि त्याच बायका कितीतरी जास्त वेळ पाण्यात काम करू लागल्या. काही वर्षांत ती शरीराची सवयही निघून गेली, कारण गरज राहिली नाही.

म्हणजे काकांचं म्हणणं खोटं नाही. सवय होते. पण सवय थोडी ढील देते, थंडी थांबवत नाही. आणि आपल्या बोटीवर आज उतरणारा खलाशी बहुतेक वेळा झारखंड-ओडिशातून आलेला पोरगा असतो. त्याला ती सवयही नसते.

ऊब देतो कोण? पाणी नव्हे, बुडबुडे

वेटसूट नियोप्रीन नावाच्या रबराचा असतो. हे रबर स्पंजासारखं, पण प्रत्येक भोक बंद, आत वायूचे बारीक बुडबुडे. वायू उष्णता सहज जाऊ देत नाही. थर्माकोलच्या पेटीत बर्फ टिकतो ना, तसंच. फक्त इथे आत बर्फाच्या जागी माणूस आहे.

हा सूट १९५०-५२ च्या सुमारास अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर नावाच्या पदार्थविज्ञानाच्या शास्त्रज्ञाने काढला. त्यांच्या लक्षात आलं की माणूस कोरडा राहण्याची गरज नाही. अंग ओलं झालं तरी चालेल, कारण ऊब स्पंजातल्या वायूमुळे टिकते. सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ थर शिरतो, तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि तिथेच राहतो.

"तिथेच राहतो" हे दोन शब्द लक्षात ठेवा. सूट ढिला असेल तर ते गरम पाणी प्रत्येक हालचालीला बाहेर जातं आणि नवीन थंड पाणी आत येतं. म्हणजे आपण दर मिनिटाला नवीन पाणी तापवत बसतो. ५ मिलिमीटरचा ढिला सूट ३ मिलिमीटरच्या घट्ट सूटपेक्षा थंड पडतो. माझे पाच सूट इथेच फुकट गेले.

म्हणून पहिला नियम: आधी माप, मग जाडी, मग शिवण, शेवटी ब्रँड.

१) माप

सूट कोरडा असताना घट्ट वाटलाच पाहिजे, चढवायला पाच-दहा मिनिटं लागली पाहिजेत. पाण्यात तो थोडा सैल होतो. घालून या जागा तपासा:

– गळा: एक बोट कष्टाने आत जावं, मूठ नव्हे. पण श्वास कोंडत असेल, डोकं जड होत असेल तर तो सूट नको.
– कमरेमागची खळगी: इथे हात घालून सूट ओढा. चिमटीत मोठी घडी आली तर तिथे पाण्याची टाकी होणार.
– काखा आणि जांघा: पोकळी राहू नये. हात वर करा, उकिडवे बसा, पंख्याखाली काम करताना जसे वाकता तसे वाका.
– मनगट आणि घोटा: चिकटून बसावं. बोटं बधिर होत असतील तर जास्त घट्ट आहे.

नुसतं एल, एक्सएल बघून मागवू नका. उंची, वजन, छाती, कंबर ही चार मापं लिहून कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. दोन साइजच्या मध्ये येत असाल तर बदलून मिळणाऱ्या दुकानातून घ्या. शिनाणे-तिसऱ्या काढणाऱ्या आपल्या बायकांसाठी बायकांच्या मापाचे सूट वेगळे येतात. नवऱ्याचा सूट बायकोला होत नाही, छातीत दाबतो आणि कमरेत फुगतो.

२) जाडी

साधारण ठोकताळा असा:

– पाणी २७ च्या वर, काम अर्ध्या तासाच्या आत: लायक्राचा पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा १-२ मिलिमीटरचा सूट पुरे. कातडी खरचटत नाही, ऊनही लागत नाही.
– पाणी २७ च्या आसपास, काम तास-दोन तास: ३ मिलिमीटरचा पूर्ण अंगाचा. आपल्याकडच्या बहुतेक कामांना हाच योग्य.
– पाणी २२ ते २५, खोल आणि वेळखाऊ काम: ५ मिलिमीटरचा, किंवा ३ मिलिमीटरवर नियोप्रीनचं जाकीट आणि टोपी.
– १८ च्या खाली ७ मिलिमीटर आणि टोपी. १० च्या जवळ गेलं की कोरडा सूटच लागतो. आपल्या समुद्रात ही वेळ येत नाही, पण परदेशी बोटीवर कामाला जाणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवा.

बारीक अंगाच्या माणसाला थंडी लवकर भरते. चरबी हा अंगचा सूटच आहे. म्हणून मालकाला जो ३ मिलिमीटरचा पुरतो तो खलाशाला पुरेलच असं नाही.

३) रबर आणि शिवण

लेबलवर रबराचा प्रकार बघा. "सीआर" लिहिलं असेल तर ते खरं नियोप्रीन. "एसबीआर" म्हणजे स्वस्त रबर, लवकर कडक होतं, कमी ताणतं. "एससीआर" म्हणजे दोघांची भेसळ. लेबल नसेल तर चिमटीत दाबून सोडा. चांगलं रबर लगेच फुगून मूळ जाडीवर येतं. नुसतं ताणणारं कापड असेल तर तो पोहण्याचा ड्रेस आहे, वेटसूट नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

शिवण ताणून उजेडासमोर धरा. सुईच्या भोकांतून उजेड दिसला तर तिथून पाणी येणार. स्वस्त सूटची शिवण आरपार असते, सपाट दिसते. चांगल्या सूटमध्ये तुकडे आधी चिकटवतात आणि मग सुई अर्ध्या जाडीपर्यंतच नेतात. २७ अंशांच्या पाण्यात आरपार शिवण चालून जाते. ५ मिलिमीटरचा घेत असाल तर चिकटवलेलीच घ्या, नाहीतर जाडीचे पैसे वाया.

चेनच्या मागे आतून रबराची पट्टी आहे का बघा. नसेल तर पाठीचा कणा गार पडतो. गुडघ्याला जाड पट्टी असलेला घ्या, खडकावर शिनाणे काढताना पहिला फाटतो तो गुडघा.

हातासाठी नियोप्रीनच्या हातमोज्यांपेक्षा पंख्याच्या कामाला सुरीने न कापले जाणारे हातमोजे घ्या. पंख्याचं पातं आणि ताणलेला दोर दोन्ही हात कापतात.

सूट घातल्यावर नवीन धोके येतात

बुडबुड्यांमुळे सूट माणसाला वर ढकलतो. त्याचे दोन परिणाम.

एक, पंख्याखाली काम करताना माणूस वर उचलला जाऊन तळावर आपटतो. त्यासाठी बोटीच्या एका कडेपासून तळाखालून दुसऱ्या कडेपर्यंत एक आडवा दोर ताणून बांधा. तो एका हाताने धरून दुसऱ्या हाताने काम करता येतं.

दोन, खाली जाता येईना म्हणून लोक कमरेला वजन बांधतात. इथे जीव जातो. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो आणि सूटमधले बुडबुडे आकसतात. जो सूट वर तरंगवत होता तो खाली तरंगवत नाही, ऊबही कमी देतो, आणि कमरेचं वजन तेवढंच राहतं. वर येताना तेच वजन खाली ओढतं. म्हणून शिशाचे दगड दोरीने गाठ मारून कधीही बांधू नका. एका हाताने झटक्यात सुटणारा पट्टाच वापरा. आणि उथळ पाण्यात तपासा: सूट आणि पट्टा घालून, हातपाय न हलवता श्वास सोडला तरी तोंड पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. बुडत असाल तर वजन कमी करा.

आणि बाकीचे नियम सूटमुळे बदलत नाहीत. इंजिन बंद, चावी उतरणाऱ्याच्या किंवा तांडेलच्या खिशात. वर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला. सूट ऊब देतो, हवा देत नाही.

उतरण्याआधी दारू नको

"दोन घोट मारले की गरम वाटतं." वाटतं, बरोबर. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आतली ऊब कातडीवर येते आणि पाण्यात निघून जाते. गरम वाटत असतानाच माणूस आतून थंड होतो. वर आल्यावरही दारू नको. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, गोड गरम चहा द्या. कापणं थांबलं पण माणूस बडबडतो आहे, जीभ अडखळते आहे, झोप येते म्हणतो, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. त्याला आडवं करा आणि किनाऱ्यावर १०८ ला फोन करा. बोट बाहेर असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

सूट टिकवायचा कसा

काम झालं की गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकला की रबर तडकतं. बारीक हँगरला खांद्यावर टांगू नका, जाड बांबूवर कमरेत दुमडून टाका. इंजिनाच्या वर, केबिनच्या गरम फळीवर घडी करून ठेवला तर बुडबुडे कायमचे बसतात, मग तो सूट नसून नुसतं रबर. डिझेल-ग्रीस लागलं तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवा, पेट्रोलने पुसू नका. चेनवर मेणबत्ती घासा. छोटी चीर पडली तर नियोप्रीनचा गोंद मिळतो, चीर मोठी होण्याआधी लावा.

जुना सूट विकत घेत असाल तर कोपर आणि गुडघा चिमटीत दाबा. पापडासारखा चपटा लागला तर स्वस्तातही घेऊ नका.

शिनाण्यांबद्दल एक शब्द

सूट आला की माणूस जास्त वेळ पाण्यात राहतो. जास्त वेळ म्हणजे जास्त माल. पूर्वी थंडी आपल्याला बाहेर काढायची आणि खडकावर बी शिल्लक राहायचं. आता ते काम आपल्यालाच करावं लागेल. जेजूच्या बायकांनीही सूट आल्यावर सगळं ओरबाडून नेलं नाही, कामाचे दिवस आणि मालाचं किमान माप त्यांच्या गावाचा संघ ठरवतो. बारीक शिनाणे परत सोडायचे, एवढं तरी आपण ठरवूया.

मालकांना विनंती

बोटीवर लाइफ जॅकेट, वायरलेस, जाळं ही सामाईक वस्तू असते. वेटसूट तशी वस्तू नाही. तो चपलेसारखा आहे, ज्याच्या पायाची त्यालाच होते. म्हणून "बोटीला एक सूट घेतला" असं म्हणू नका. आपल्या बोटीवर पाण्यात कोण उतरतो ते आधी ठरवा, त्याला विचारा, त्याचं माप घ्या, आणि त्याच्या नावाचा सूट घ्या. तो पुढच्या मोसमात आला नाही तर सूट त्याच्यासोबत जाऊ दे. एका जाळ्याच्या दुरुस्तीला आपण काय घालतो ते प्रत्येकाला माहीत आहे.

पुढच्या खरेदीत सोसायटी आधी मापं घेणार आहे, मग ऑर्डर देणार आहे. जे उतरतात त्यांनी स्वतः ऑफिसात यावं, मालकाने अंदाजाने माप सांगू नये. मापाची टेप माझ्या टेबलावरच आहे. खलाशांना ही पोस्ट हिंदीत वाचून दाखवा.

आणि स्टोअरमधले ते पाच सूट: ज्यांना खरोखर एल साइज होत असेल आणि ऑगस्टनंतर खोल काम असेल, त्यांनी येऊन घालून बघावेत. बसला तर न्या.

आपला,
सेक्रेटरी